तपासनिसांचा बॅकअप

"या घरातली एकही आठवण यापुढे हरवणार नाही," असं तपासनिसांनी एका रविवारी सकाळी बेसिनसमोर दाढीचा फेस पुसता पुसता जाहीर केलं, आणि सगळ्या भानगडीला तिथूनच सुरुवात झाली. एकही नाही म्हणे! सगळे फोटो, सगळे व्हिडिओ एका डब्यात जाणार. डबा घरच्या वायफायला जोडलेला. डब्यात दोन डिस्क, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. वर ज्याला जे बघायचं ते टीव्हीवर बसल्या जागी दिसणार. बायकोनं एवढंच विचारलं, की कधी. तर म्हणाले, आता घ्यायचाच आहे तर नीट निवडून घेऊ. हे 'नीट' म्हणजे काय, ते तिला चांगलं माहीत होतं.

तपासनीस हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ते सासरच्यांनी ठेवलेलं. गृहस्थ प्रवासी बॅगांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात आहेत, एकवीस वर्षं. बॅगेचं हँडल पाच हजार वेळा ओढायचं, चेन तितक्याच वेळा उघडायची नि लावायची, भरलेली बॅग जिन्यावरून खाली सोडून द्यायची आणि शेवटी फॉर्मवर लिहायचं, 'निकाल: यशस्वी' किंवा 'निकाल: अयशस्वी'. मोडायचा जिवापाड प्रयत्न करूनही जी मोडत नाही तीच खरी वस्तू, असं त्यांचं ठाम मत आहे. कारखान्यात या मताला मान आहे. घरात या मतापायी दोन छत्र्या, एक घडीची शिडी आणि लेकीच्या चष्म्याची एक दांडी आजवर कामी आलेली आहे.

आता डबा हवा होता कशाला, ते सांगायला हवं. बायकोचे वडील शिंपी होते, कोट शिवणारे. शेवटची दोन वर्षं ती दर रविवारी कॅमेरा घेऊन त्यांच्या दुकानात जाऊन बसायची. कापड कसं बेतायचं, कॉलर कशी बसवायची, एक खांदा उतरलेल्या गिऱ्हाइकाला तसं न जाणवू देता माप कसं घ्यायचं, सगळं ते बोलत बोलत करून दाखवायचे. असे चौसष्ट व्हिडिओ झाले आणि मग ते गेले. त्याला तीन वर्षं झाली. चौसष्टच्या चौसष्ट व्हिडिओ बायकोच्या जुन्या लॅपटॉपवर होते आणि फक्त तिथंच होते. लॅपटॉपचं बिजागर तुटलेलं, सुरू करायला गेलं की आतून घरघर. तीन वर्षं ती सांगत होती की अहो, याची कुठंतरी दुसरी प्रत करून ठेवा. आणि तीन वर्षं तपासनीस म्हणत होते, घाईघाईत नको, एकदाच काय ते पक्कं करू.

सासूबाईंनी त्यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. कुणी विषय काढला की त्या उठून आतल्या खोलीत जायच्या. पण पंचाहत्तरावा वाढदिवस आठ आठवड्यांवर आला, तेव्हा त्यांनी आपणहून लेकीला फोन केला आणि म्हणाल्या, "मला काही आणू नका गं. मला फक्त ह्यांचा आवाज ऐकायचाय." दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीच्या फेसातली ती घोषणा झाली, ती या फोनमुळे.

झालं, निवड सुरू. तपासनिसांनी एक तक्ता तयार केला. एक्केचाळीस प्रश्न, नऊ डबे. कप्पे किती, पंख्याचा आवाज किती, वीज गेली तर काय करतो, परत आली तर काय करतो, आपल्या टीव्हीला कळेल असा व्हिडिओ देतो की टीव्ही नुसता गोल गोल फिरत बसतो. तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवला. तो खाली इतका लोंबत होता की भाजीचा कप्पा उघडायचा तर आधी तो वर धरावा लागे. पहिल्या आठवड्यात लेकीला मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात तिनं फ्रिजकडे जाणंच सोडलं.

त्यात शेजारचे टेलिफोनवाले. हे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि सल्ला द्यायला बारा महिने मोकळे. त्यांनी सांगितलं, दोन कप्प्यांचा घेऊ नका, चार कप्प्यांचा घ्या, कारण दोन डिस्क एकदम मेल्या तर? हा विचार तपासनिसांना आजवर शिवलाही नव्हता. ते दोन रात्री तळमळले आणि तिसऱ्या दिवशी शेजारी जाऊन विचारून आले, की तीन मेल्या तर? टेलिफोनवाले म्हणाले, तेव्हा घराला आग लागलेली असेल. तर तक्त्यात बेचाळिसावा प्रश्न आला.

चौथ्या आठवड्यात ते दुकानात गेले. दुकानदार बिचारा सज्जन माणूस, त्यानं खुर्ची दिली. तपासनिसांनी डब्याचं बटण दाबून बघितलं. मग पुन्हा दाबलं. मग म्हणाले, तुमची हरकत नसेल तर दोनशे वेळा दाबतो. दुकानदार जेवून परत आला तेव्हा हे एकशे चाळिसावर होते. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, की टेबलाच्या उंचीवरून एकदा खाली सोडून बघितला तर चालेल का. दुकानदारानं डबा उचलला आणि काउंटरच्या आत नेऊन ठेवला.

असा सातवा आठवडा उजाडला. शनिवारी सकाळी बायको जुना लॅपटॉप उघडायला बसली, तर तो वीस मिनिटं उघडेचना. पडदा काळा, आत नुसती घरघर. शेवटी एकदाचा उघडला. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते, दिवसभर लोकांना न चिडता 'आता कसं दिसतंय' असं विचारणारी बाई. पण त्या दिवशी ती फ्रिजपाशी गेली, तक्ता ओढून काढला, त्याची घडी केली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "संध्याकाळपर्यंत डबा आला नाही, तर मी बाहेर पडून समोर दिसेल तो घेऊन येईन," म्हणाली.

तपासनीस दोन तासांत डबा घेऊन आले. कुठला, तर पहिल्या आठवड्यात सगळ्यात आधी पाहिला होता, तो!

डबा दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसला, कारण वायफायचं यंत्र तिथंच आहे आणि वायर तेवढीच पोचत होती. रविवारी सकाळी व्हिडिओ भरायला घेतले, ते संध्याकाळी संपले. अकरा तास लॅपटॉप कण्हत होता आणि तपासनीस शेजारी स्टुलावर बसून होते. मग टीव्ही लावला. टीव्हीनं डबा ओळखला, यादी आली, आणि पहिल्याच चित्रात सासरे, गळ्यात टेप, हातात खडू. बायकोनं तो व्हिडिओ जेमतेम दहा सेकंद चालवला आणि बंद केला. पुढचं आईबरोबरच बघू, म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "खरंच, फार छान काम केलंत." लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यात हे वाक्य त्यांना आजवर दोनदा ऐकायला मिळालेलं. माणूस हवेतच गेला.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. दुसऱ्या कुणाच्याही घरात संपली असती. पण मंगळवारी तपासनिसांना सुट्टी होती, बायको दुकानात, लेक कॉलेजात, आणि चपलांच्या कपाटावर एक वस्तू बसली होती जिची चाचणी झालेली नव्हती. व्हिडिओ आत गेले हे सगळ्यांनी पाहिलं. ते बाहेर येतात का, हे कुणी पाहिलं होतं? आणि जो परत काही देऊ शकत नाही, तो बॅकअप कसला? तुम्ही म्हणाल, यात चूक काय आहे. चूक काहीच नाही. नेमका तोच तर त्रास आहे या माणसाचा, की बोलतो ते बरोबर असतं.

त्यांनी कारखान्यातला कोरा फॉर्म काढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. चाचणी क्रमांक एक. कृती: लॅपटॉपवरचं मूळ फोल्डर काढून टाकणे. अपेक्षित परिणाम: डब्यातून सर्व व्हिडिओ परत मिळणे. आता, चाचणी म्हणजे चाचणी. बॅग जिन्यावरून सोडताना खाली कुणी गादी घालत नाही. म्हणून त्यांनी लॅपटॉपवरचं फोल्डर तर काढलंच, वर लॅपटॉपची कचरापेटीसुद्धा रिकामी केली. डब्यालाही स्वतःची एक कचरापेटी असते, पण ती त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकली होती, उगाच जागा अडवते म्हणून. फोल्डर गेलं. तपासनिसांनी लिहिलं, 'निकाल: यशस्वी', आणि खाली सही केली.

मग लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला आणि आपल्या फोनवरून ते डब्यात शिरले. डब्यात फोल्डर नव्हतं.

त्यांना आधी वाटलं आपण चुकीच्या ठिकाणी बघतोय. मग वाटलं डबा दमला असेल, म्हणून बंद करून पुन्हा चालू केला. असा पाच वेळा. मग एकदम आठवलं, अरे, दुसरी डिस्क! एक मेली तरी दुसरी जिवंत! दुसरी जिवंत होती. पहिलीही जिवंत होती. दोघी ठणठणीत होत्या आणि दोघी सारख्याच रिकाम्या होत्या, कारण एकीत जे होईल ते तत्काळ दुसरीत करायचं, एवढंच तर त्यांचं काम.

आणि व्हिडिओ गेले कसे, तर तेही यांच्याच कृपेने. डबा लावताना त्यानं विचारलं होतं, की लॅपटॉपवरून काही काढलं तरी मी माझ्याकडची प्रत ठेवू, की आपण दोघांनी कायम एकसारखं राहायचं? दुसरा कुणीही डोळे मिटून पहिला पर्याय निवडेल. पण एकवीस वर्षं ज्यानं नमुन्याहून तसूभर वेगळा निघालेला माल परत पाठवला, तो कसा निवडेल? नमुना आणि माल एकसारखे हवेत. यांनी ठणकावून दुसरा पर्याय निवडला. तेव्हा लॅपटॉप रिकामा झालेला पाहताच डब्यानं नमुन्याबरहुकूम स्वतःलाही रिकामं करून घेतलं. भरायला अकरा तास लागले होते. रिकामं व्हायला आठ सेकंद पुरले.

घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. तपासनिसांनी डबा बिघडला नाही ना हे बघायला कारखान्यातल्या चाचण्यांचे आपले सगळे व्हिडिओ फोनमधून त्यात टाकून पाहिले. ते फार छान गेले.

संध्याकाळी बायको आली आणि म्हणाली, रविवारी आईला आधी कुठला दाखवायचा ते ठरवू या. तपासनीस म्हणाले, डबा जरा स्थिरस्थावर होतोय, आज नको. तिला वाटलं, हे गुपचूप काहीतरी सुंदर जुळवून ठेवतायत, आणि तिनं आईला फोन करून तसं सांगूनही टाकलं, की जावई तुझ्यासाठी खास मेहनत घेतायत गं. हे आत पलंगावर बसून ऐकत होते. तेवढ्यात लेकीनं टीव्ही लावला. जिन्यावरून एक निळी बॅग धडाधड खाली आली आणि पाठोपाठ तपासनिसांचाच आवाज आला, "फेरी एकतीस." लेकीनं पुढचा लावला, तर तपकिरी बॅग, फेरी बत्तीस. तिनं सगळी यादी खालपर्यंत पाहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आजोबा कुठंयत?"

मग सगळं सांगावंच लागलं. फॉर्मसकट. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दाराजवळ गेली, चपलांच्या कपाटापाशी खाली बसली आणि फॉर्म दोनदा वाचला. "आईनं तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं हो," एवढंच म्हणाली. तपासनिसांना त्या क्षणी आपली, त्या डब्याची आणि एकवीस वर्षांच्या नोकरीची फार लाज वाटली. ते तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले.

पत्ता टेलिफोनवाल्यांनीच दिला. चपला दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, तिथं एक बाई बसतात, मेलेल्या डिस्कमधून काय काय जिवंत काढतात. बुधवारी सकाळी दार उघडायच्या आधीच तपासनीस डबा छातीशी धरून जिन्यात उभे. बाईंनी डबा टेबलावर ठेवून घेतला, आधी फॉर्म मागितला आणि डोळ्यांना भिंग लावून शेवटपर्यंत वाचला.

"यशस्वी?" त्यांनी विचारलं.

तपासनीस म्हणाले, पहिला टप्पा तसा झाला होता.

"काढून टाकल्यावर या डब्यात नवीन काही भरलंत?"

तपासनिसांनी बॅगांच्या व्हिडिओंचं सांगितलं. बाईंनी भिंग काढलं, कपाळ चोळलं आणि समजावलं, की काढून टाकलेलं लगेच पुसलं जात नाही, फक्त त्याची चिठ्ठी निघते. त्याच जागेवर दुसरं काही येऊन बसलं, की मग ते कायमचं गेलं. आणि तुम्ही तर वर बॅगा आपटल्यात. मग त्यांनी विचारलं, मूळ व्हिडिओ कुठं होते? लॅपटॉपवर. त्यानंतर तो उघडलात? नाही, तो सहसा उघडतच नाही, बिजागरही तुटलंय. त्यात नवीन काही भरलंत? नाही.

"मग हा डबा कशाला घेऊन आलात?" बाई म्हणाल्या. "तो लॅपटॉप आणा."

तपासनीस घरी धावत गेले. लॅपटॉप चार टॉवेलांत गुंडाळून, सगळ्या चाचण्या पार केलेल्या एका बॅगेत घातला. आणि बॅगेला उत्तम चाकं असताना ती पूर्ण रस्ताभर लेकरासारखी उचलून आणली.

शनिवारी संध्याकाळी बाईंनी काड्यापेटीएवढी एक छोटी डिस्क हातावर ठेवली. चौसष्टपैकी एकोणसाठ मिळाले होते. पाच गेले ते गेलेच. जे मिळाले त्यांची नावं उडाली होती आणि क्रमही, नुसते आकडे. निघताना बाईंनी बजावलं, की याच्या प्रती करा, पण कृपा करून याची चाचणी घेऊ नका. घरी येताच बायकोनं डिस्क नवऱ्याच्या हातातून काढून घेतली, लेकीला शेजारी बसवून तिच्या तीन प्रती केल्या आणि त्या कुठं ठेवल्या ते सांगितलं नाही. बघायला मात्र दोघींना वेळ मिळाला नाही.

रविवारी, वाढदिवसाच्या दिवशी, सासूबाई आल्या. टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. लेकीनं छोटी डिस्क सरळ टीव्हीच्या पाठीला लावली, आणि दोन सेकंदांत यादी आली. चपलांच्या कपाटावर डबा आपला मंद आवाजात घुमत होता, त्याला कुणी विचारलं नाही. नावंच नव्हती, तेव्हा लेकीनं हाताला आला तो आकडा दाबला.

दुकानातलं टेबल दिसलं. त्यावर अर्धवट बेतलेलं राखाडी कापड, माणूस नाहीच. मग बाजूनं सासऱ्यांचा आवाज आला, "बंद केलंस का ते?" आणि बायकोचा, "हो बाबा." केलं नव्हतं! धडा संपला की ती कॅमेरा बाजूला ठेवायची आणि बंद करायला विसरायची, आणि पुढं धडा संपल्यावरचं कधी बघायला गेलीच नव्हती. सासूबाईंनी आवाज ऐकला मात्र, त्यांचा हात तोंडावर गेला. सासरे चौकटीत आले, पाणी प्यायले, खुर्ची ओढून बसले.

"एक सांगू?" ते म्हणाले. "तुझा नवरा लाख माणूस आहे."

तपासनीस सोफ्यावर ताठ बसले. खोलीतले सगळे जण त्यांच्याकडे बघत होते.

"तुला जन्मात दुखावणार नाही तो. पण माझी मोठी कात्री माझ्यामागं तूच ठेव. त्याच्या हाती देऊ नकोस. मागं धार बघतो म्हणाला, म्हणून दिली, तर यानं पत्रा कापला. अकरा तुकडे केले. बारावा होईना, तेव्हा हसत हसत येऊन मला म्हणतो, बाबा, उत्तम कात्री आहे, अकरापर्यंत टिकली. इतका खुशीत होता, मी काय बोलणार? तू आपलं जे जपायचं असेल ना, ते त्याच्यापासून लांब ठेव."

पडद्यावर बायको खळखळून हसत होती. इकडे कुणी हसलं नाही, सगळे सासूबाईंकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. बायको घाबरून पुढं झाली, तर त्या हसत होत्या! डोळ्यांतून धारा लागलेल्या, पदर तोंडाला लावलेला, आणि हसू आवरत नाही. तीन वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या. श्वास सापडल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लाव गं." पुन्हा लावलं. मग पुन्हा. असं सात वेळा. तपासनिसांनी स्वतःची ती कथा सात वेळा, अकराच्या अकरा तुकड्यांसकट, मान खाली घालून ऐकली. पण खरं सांगायचं तर सातव्या वेळी त्यांचेही डोळे भरून आले होते. त्या कात्रीचं सासऱ्यांना वाईट वाटलं होतं, हे त्यांना आजच कळलं होतं.

निघताना सासूबाई टीव्हीच्या मागं गेल्या. छोटी डिस्क आपल्या हातानं काढली, रुमालात बांधली आणि पर्समध्ये अगदी तळाशी ठेवून चेन लावली. दारात तपासनीस उभे होते. त्यांच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "जावईबापू, रागावू नका हं. ह्यांनी सांगितलंय तसं करते."

तपासनिसांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की आई, तुमच्या टीव्हीवर ती चालते का ते एकदा बघून घ्या, आणि त्या पर्सची चेनही जरा सैल वाटते, दाखवा बरं इकडे. बायकोनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठ मिटले, हात मागं बांधले आणि बाजूला झाले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच एक वस्तू त्यांच्या हातून न तपासता बाहेर पडली.